लाकूड ‘सादळतं’ की ‘ओल धरतं’?

खळ्यातली: गुहागरला खळ्यात कायमचा लाकडी मांडव उभारायचाय. त्याचं इंग्रजी सूचनापत्रक सुतारकाकांसाठी मराठीत करत होते. लिहिलं, ‘खांब सादळू नये म्हणून जमिनीपासून चार बोटं वर ठेवावा.’ काका म्हणाले, “पापड सादळतो गो बाय, खांब ओल धरतो.” पण पावसात दार फुगून अडकलं की आजी ‘दार सादळलंय’ असंच म्हणायची. तिचं चूक होतं का?

पागोळी: दोघांचंही बरोबर. हवेतला दमटपणा शोषला जातो ते सादळणं. ऊन लागलं की वस्तू पुन्हा होती तशी. जमिनीतून चढते ती ओल. हा भेद जपायला हवा, कारण लाकडात त्याच्या सुक्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांहून कमी पाणी असेल तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. दमट हवेनं लाकूड फार तर त्या रेषेपाशी येतं. खांबाच्या बुडाशी पाणी मुरत राहिलं की ती ओलांडतं.

जुना वासा: मुळात सादळणे हा फारसी ‘सर्द’वरून आला. सर्दळणे, मग सादळणे. सूचनापत्रकात ‘आर्द्रता शोषणे’ लिहा.

पागोळी: माझ्या मते संस्कृत ‘सार्द्र’, म्हणजे ओलसर. पण फारसी असला तरी काय बिघडलं? काकांना ‘आर्द्रता’ वाचून रंधा हाती घ्यायचा आहे का?

जुना वासा: लिखित भाषेला काही शिस्त हवी. काका ‘ओलावा’ म्हणतील, तो चालेल. सादळणे घरगुती आहे.

खळ्यातली: घरगुती म्हणूनच मला हवा होता. दुसरी अडचण: पुढे लाकूड ‘कुजतं’ की ‘सडतं’?

पडवी: ताई, कुजतंच. कांदा सडतो, घाण मारतो. पाचोळा कुजतो, त्याचं खत होतं. लाकूड कुजून भुसभुशीत होतं. आणि वाळवी लागली तर ते पोखरतं, कुजत नाही. सुताराला दोन्हीचे उपाय वेगळे करावे लागतात.

उत्तरवारा: नॉर्वेत राहतो. इथली सर्वांत जुनी लाकडी चर्चं खांब जमिनीत पुरून बांधलेली होती, ती कुजून गेली. पुढे लाकडी सांगाडा दगडांवर ठेवू लागले. बोर्गुंडचं चर्च साधारण ११८० पासून उभं आहे, वर पाइनच्या डांबराचे हात. ते पाहिलं आणि आमच्या वाड्यातला तळखडा आठवला. खांबाखालचा तो दगड शोभेचा नाही, ओल तोडण्यासाठी आहे.

जुना वासा: ‘तळखडा’! सूचनापत्रकात हाच घ्या. यात मी वाद घालणार नाही.

पडवी: आणि पागोळी? मला ती ‘पाख्याची ओळ’ वाटते.

पागोळी: नाव मीच घेतलंय, पण ही फोड मला पटत नाही. ‘गळणे’ तिच्यात कुठेतरी असणार.

उत्तरवारा: वाशाची कापलेली तोंडं आडव्या अंगापेक्षा कितीतरी झपाट्यानं पाणी पितात. त्यांवर ठोकतात त्या फळीला तुमच्याकडे काय म्हणतात?

पडवी: झालर. पण नक्षी कापलेली असली तरच. साधी असेल तर नुसती पट्टी.

जुना वासा: आमच्याकडे साधीलाही झालरच म्हणत. आणि वळचणीचं काय? ती फळीच्या आत धरायची की बाहेर?