जॉइनमध्ये एरर १०५२, टेबलचे नाव जोडल्यास १०५४

प्रश्न :
मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये दोन टेबले जोडणारी (जॉइन) पुढील क्वेरी मी लिहिली आहे.

सिलेक्ट ग्राहक_आयडी, नाव, रक्कम
फ्रॉम ग्राहक ग लेफ्ट जॉइन बिले ब
ऑन ग.ग्राहक_आयडी = ब.ग्राहक_आयडी;

ती चालवल्यावर ग्राहक_आयडी हा कॉलम संदिग्ध असल्याची एरर १०५२ येते. म्हणून सिलेक्टमध्ये ग्राहक.ग्राहक_आयडी असे लिहिले, तर असा कॉलमच नसल्याची एरर १०५४ येते. कॉलम टेबलमध्ये आहे, हे मी तपासले आहे. मग चूक नेमकी कोठे आहे?

उत्तर १ :
या नावाचा कॉलम दोन्ही टेबलांत असल्यामुळे कोणता घ्यायचा, हे डेटाबेसला ठरवता येत नाही. ऑनमध्ये दोन्ही समान आहेत असे लिहिले, तरी तो आपणहून निवड करत नाही. दुसरी एरर एलियासमुळे, म्हणजे टेबलच्या टोपणनावामुळे आली आहे. फ्रॉममध्ये टेबलला 'ग' हे एलियास दिले की त्या क्वेरीपुरते 'ग्राहक' हे मूळ नाव चालत नाही, म्हणून ग.ग्राहक_आयडी असेच लिहावे लागेल. ब.ग्राहक_आयडी लिहिल्यास एरर जाईल खरी, पण लेफ्ट जॉइन (डावीकडच्या टेबलच्या सगळ्या ओळी ठेवणारा) असल्यामुळे ज्यांचे एकही बिल नाही अशा ग्राहकांच्या ओळीत तेथे नल (रिकामी किंमत) दिसेल.

उत्तर २ :
ऑनऐवजी युजिंग (ग्राहक_आयडी) लिहिल्यास दोन्ही कॉलमांचा एकच होतो आणि सिलेक्टमध्ये नुसते नाव चालते. मात्र हीच क्वेरी पुढे ओरॅकल या दुसऱ्या डेटाबेसवर न्यायची असेल, तर तेथे युजिंगमधल्या कॉलमला एलियास जोडल्यास ओआरए-२५१५४ ही एरर येते.

उत्तर ३ :
नाव आणि रक्कम यांनाही आताच एलियास जोडावे, कारण उद्या कोणी बिले टेबलमध्ये 'नाव' हा कॉलम वाढवला, तर आज चालणारी क्वेरी १०५२ देऊन थांबेल. अर्थात एरर येते ते बरेच. सबक्वेरीत (कंसातल्या आतल्या क्वेरीत) नाव चुकले, तरी कधी कधी ती येतही नाही.

डिलीट फ्रॉम बिले व्हेअर ग्राहक_आयडी इन
(सिलेक्ट ग्राहक_आयडी फ्रॉम बंद_खाती);

समजा, बंद_खाती या टेबलमध्ये त्या कॉलमचे नाव नुसते 'आयडी' आहे. अशा वेळी आतले ग्राहक_आयडी हे बाहेरच्या बिले टेबलचे मानले जाते, अट जवळजवळ प्रत्येक ओळीला लागू पडते आणि बंद_खातीमध्ये एक जरी ओळ असली, तरी ग्राहक_आयडी भरलेली सगळी बिले निमूटपणे उडतात. आत बंद_खाती.ग्राहक_आयडी असे लिहिले असते, तर १०५४ आली असती आणि एकही ओळ गेली नसती. त्यामुळे डिलीटपूर्वी कंसातला सिलेक्ट सुटा चालवून पाहावा; तेथे बाहेरचे टेबल नसल्यामुळे चुकीचे नाव लगेच उघडे पडते.