मदत हवी आहे: वजन कमी, वेग जास्त, स्की कोणत्या घेऊ?

वजन ५० किलो, उंची १६२ सेंमी. ब्लॅक रन (सर्वांत अवघड उतार) आरामात उतरते आणि खरं सांगायचं तर वेगाशिवाय मजा येत नाही. पण बायकांसाठी म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच स्की इतक्या मऊ असतात की कडक बर्फावर जरा जोर लावला की टोकं थरथरायला लागतात. उलट टायटॅनलचे (ॲल्युमिनियमचा मिश्रधातू) दोन थर असलेल्या ताठ स्की माझ्या वजनाला वाकतच नाहीत, मग वळण कापलं जात नाही, नुसतं घसरत जावं लागतं. स्कीची मधली रुंदी ८८ मिमीच्या आसपास हवी. भुसभुशीत बर्फात क्वचितच जाते. ब्लिझार्डची ब्लॅक पर्ल ८८ की नॉर्डिकाची सांता आना ९३? माझ्यासारख्या हलक्या मैत्रिणींनो, लांबी किती घेतलीत तेही सांगा.