केज की ऑडिट? पायलटचे आकडे फारच छान आलेत, म्हणूनच धास्ती

ओली_वाळू

नमस्कार मंडळी. मी मानसोपचार नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रबंधाचा विषय असा: जनरल ओपीडीत आलेल्यांपैकी कुणाचं पिणं हाताबाहेर चाललंय हे चटकन ओळखायला कोणती छोटी प्रश्नावली बरी? गाईड म्हणतात, "केज घे. चारच प्रश्न, बीपी घेता घेता विचारून होतात."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी केजचे प्रश्न: प्यायचं कमी करायला हवं असं कधी वाटलंय का, पिण्यावरून कुणी बोललं की चीड येते का, स्वतःलाच वाईट वाटलंय का, आणि सकाळी उठल्या उठल्या हात स्थिर करायला किंवा उतारा म्हणून घेतलीय का. दोन 'हो' आले की पॉझिटिव्ह धरायचं.

पायलटसाठी (म्हणजे आधीच्या छोट्या चाचणी अभ्यासासाठी) व्यसनमुक्ती वॉर्डातले ३० पेशंट घेतले आणि आमच्याच स्टाफमधले कधीच न पिणारे ३० जण. केजने दोन सोडून सगळे बरोबर ओळखले. गाईड खूश. म्हणाले, आता लिहायला बस.

पण ओपीडीत सहज म्हणून विचारून पाहिलं तर दोन माणसं डोक्यातून जात नाहीयेत. एक पंचविशीतला मुलगा, गळ्याजवळचं हाड मोडलेलं. फक्त शनिवारी पितो, पण पितो तेव्हा घरी कसा पोचला ते आठवत नाही इतकी. केज शून्य! वाईट वाटतं का विचारलं तर हसला. दुसरे आजोबा, नऊ वर्षं थेंबाला शिवलेले नाहीत. केज चारपैकी चार. माझा कागद बघून म्हणाले, "म्हणजे अजून बेवडाच का मी?"

मग केज वाईट, की माझं काही चुकतंय? ऑडिट ही दुसरी प्रश्नावली घ्यावी तर दहा प्रश्न, ओपीडीत कोण थांबणार?

निमित्तमात्र

ताई, तुमची धास्ती खरी आहे. पायलट बाजूला ठेवा. हत्ती आणि मुंगी शेजारी उभे करून वजनकाटा पास झाला म्हणण्यातला प्रकार आहे तो. वॉर्डात दाखल झालेला माणूस ओळखायला प्रश्नावली कशाला लागते? खरी परीक्षा मधल्या लोकांची, म्हणजे तुमच्या त्या शनिवारवाल्याची, आणि तो तर तुमच्या ६० जणांत कुठेच नव्हता.

केज वाईट नाही, वेगळ्या कामाची आहे. यूइंग यांनी ती १९६८ च्या सुमारास बांधली, १९८४ मध्ये तिच्यावरचा त्यांचा लेख गाजला. मद्यासक्ती पकडायला ती केलेली. तिच्यात किती पितो, किती वेळा पितो हे कुठेच नाही. आणि प्रश्न 'आयुष्यात कधीही' असे आहेत, त्यामुळे आजोबांना चार मिळणारच. त्यांनी खरी उत्तरं दिली, तुम्ही काळ विचारला नाहीत.

ऑडिट जागतिक आरोग्य संघटनेने सहा देशांत अभ्यास करून बनवलं, १९९३ मध्ये प्रसिद्ध झालं. (आमच्याकडे पहिल्यांदा "उद्या ऑडिट आहे" म्हटल्यावर हिशेबनीस फायली घेऊन आला होता, असो.) दहा प्रश्न, ४० गुण, ८ पासून पुढे लक्ष द्यायचं. पहिले तीन पिण्याच्या प्रमाणाचे, पुढचे तीन अवलंबित्वाचे, शेवटचे चार त्रासाचे. दहा जड वाटत असतील तर पहिल्या तीनांचं ऑडिट-सी आहे, १९९८ चं. १२ पैकी पुरुषांना ४, बायकांना ३ हा नेहमीचा कट-ऑफ.

पण तिथेही आंधळेपणाने बेरीज करू नका. रोज दोन ड्रिंक घेणाऱ्याला पहिल्या प्रश्नाचे ४ मिळतात, बाकी शून्य. महिन्यातून एकदाच पण पाच-सहा घेणारा, आणि कधीमधी सहाच्या वर जाणारा: १ अधिक २ अधिक १, पुन्हा ४. आकडा एक, माणसं दोन. पहिल्याच्या बाबतीत सगळे गुण एकाच प्रश्नातून आलेत, तेव्हा लगेच शिक्का मारायचा नाही, नीट बोलायचं.

आता टक्केवारी. समजा सेन्सिटिव्हिटी (त्रास असलेल्या शंभरातले किती पकडले) ८०, स्पेसिफिसिटीही (त्रास नसलेल्या शंभरातले किती बरोबर सोडले) ८०. हजार माणसांत ५०० जणांना खरंच त्रास असेल तर पॉझिटिव्ह येतील ४०० खरे आणि १०० खोटे, म्हणजे पाचात चार बरोबर. तीच प्रश्नावली अशा ओपीडीत न्या जिथे हजारात ५० जणांनाच त्रास आहे. खरे पॉझिटिव्ह ४०, खोटे १९०. सहा जणांना बाजूला बोलावलंत तर त्यातला एकच खरा. पण निगेटिव्ह आलेल्या ७७० मध्ये सुटलेले फक्त १०. म्हणून पॉझिटिव्ह म्हणजे निदान नव्हे, पुढचे दहा मिनिटं कुणाबरोबर बसायचं एवढंच त्यातून कळतं. पेपरात छापलेली सेन्सिटिव्हिटी उचलून आपल्या ओपीडीला चिकटवू नका.

आणि मुख्य प्रश्न राहिलाच: तुम्ही ताडून कशाशी बघणार? जुने बरेच अभ्यास 'अवलंबित्व' या निदानाशी ताडलेले. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये (मानसिक आजारांच्या निदानाची अमेरिकन पुस्तिका) ११ निकष आहेत, वर्षभरात दोन असले तरी निदान होतं. कसोटी बदलली की त्याच प्रश्नावलीची किंमत बदलते. मुलाखत घेणाऱ्याला प्रश्नावलीचे गुण कळता कामा नयेत. तुम्हीच गुण दिले आणि तुम्हीच निदान केलंत, तर आकडे छानच येणार.

चौथा_कोपरा

एवढा खटाटोप कशाला? जीजीटी ही लिव्हरची रक्तचाचणी करा, रक्त खोटं बोलत नाही.

निमित्तमात्र

बोलतं की. जीजीटी लठ्ठपणात वाढतं, काही औषधांनी वाढतं, लिव्हरच्या दुसऱ्या आजारांत वाढतं, आणि भरपूर पिणाऱ्या कित्येकांचं नॉर्मलही येतं. शनिवारवाल्याचं बहुधा ठणठणीत येईल.

कोरडा_घसा

मी पेशंटच्या बाजूचा. सहा वर्षं झाली बंद करून. मला केज तीनदा विचारली गेली, तिन्ही वेळा मी 'पास' झालो. कसा ते सांगतो, प्रबंधाला उपयोगी पडलं तर बघा.

"सकाळी घेता का?" नाही. माझी सकाळ अकराला संपायची हे मीच ठरवलेलं, आणि पहिली सव्वाअकराला. "कमी करावी वाटते?" नाही, कारण मला बंदच करायची होती, दर सोमवारी. "कुणी बोललं की चीड येते?" बायको शेजारच्याच खुर्चीत, काय सांगणार? आणि सिस्टरने विचारलं, "अपराधी वाटतं का?" मी म्हटलं, मी काय गुन्हा केलाय? मला खरंच तसंच ऐकू आलं होतं. 'मनाला टोचणी लागते का' असं विचारलं असतं तर कदाचित मान खाली गेली असती.

चौथ्यांदा ऑडिटचा कागद हातात दिला, एकट्याला, पडद्यामागे. पेन होतं. २३ आले.

निमित्तमात्र

दादा, हे माझ्या अख्ख्या पोस्टपेक्षा कामाचं आहे. ताई, मराठी प्रश्नांचं दुसऱ्याकडून उलट इंग्रजीत भाषांतर करवून मूळ प्रश्नांशी ताडून बघा, आणि दहा-बारा जणांना "या प्रश्नाचा अर्थ तुम्हाला काय लागला?" एवढंच विचारा. 'ड्रिंक'चंही तेच. ऑडिटमध्ये एक ड्रिंक म्हणजे साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ५ टक्क्यांचा अर्ध्या लिटरचा बिअरचा कॅन म्हणजे जवळपास २० ग्रॅम, दोन ड्रिंक. पेशंट सांगतो 'एक'. चित्रं दाखवा.

दोन्ही प्रश्नावल्या एकाच माणसाला देणार असाल तर क्रम चिठ्ठी टाकून ठरवा. किती पिता हे आधी विचारलं की माणूस सावध होतो आणि मग केज कमी पकडते, असं पूर्वी दिसलेलं आहे.

ओली_वाळू

सगळ्यांचे आभार, कोरडा_घसा दादांचे जास्त. काल गाईडशी बोलले. त्यांचा चेहरा उतरला, पण ऐकलं. आता ओळीने येणारा प्रत्येक पेशंट घ्यायचा, पिणारा-न पिणारा असं आधी निवडायचं नाही. ऑडिट-सी आणि केज दोन्ही, कागदावर, नातेवाईक बाहेर. डीएसएमची मुलाखत दुसरी मैत्रीण घेईल, तिला गुण दाखवणार नाही. केजच्या प्रश्नांना 'गेल्या वर्षभरात' जोडावं असं मनात आहे, पण मग ती केज राहते का? की तेही वेगळं तपासावं लागेल?

आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना पडद्यामागे कागद देऊन काय करू?