मदत हवी आहे: प्रोमिथियस-ग्राफाना लावलं, पण अलर्ट नको तेव्हा येतात अन् हवे तेव्हा येत नाहीत

धागाकर्ता

नमस्कार मंडळी,

नागपुरात वाडीला आमचं छोटं ऑफिस आहे. ट्रान्सपोर्टवाल्यांसाठी बिल्टी (माल पाठवल्याची पावती), गाड्यांचा हिशेब, गोदामाची आवक-जावक असं सॉफ्टवेअर चालवतो. कळमन्याचे काही अडतेही आता त्यावर आहेत, त्यामुळे संत्र्याच्या हंगामात पहाटेपासून लोड असतो. सर्व्हर क्लाउडवर, मुंबई रिजनमध्ये. एकूण ११ व्हीएम (व्हर्च्युअल मशीन), सगळीकडे उबंटू. शिवाय ऑफिसातच एक जुनं टॉवर मशीन आहे, त्यावर बिल्ट्यांचे स्कॅन साठतात.

आतापर्यंत आमचं मॉनिटरिंग म्हणजे ग्राहकाचा फोन. "साहेब, तुमचं चालू नाही होऊन राहिलं" असं कुणी म्हटलं की आम्ही लॅपटॉप उघडायचो. हे थांबवायचं म्हणून ४ जीबी रॅम आणि ३० जीबी डिस्कची वेगळी व्हीएम घेतली, तिच्यावर डॉकर कंपोजने, वेगवेगळ्या कंटेनरमध्ये, प्रोमिथियस (मशीनचे आकडे गोळा करणारा), ग्राफाना (ते आलेखात दाखवणारा) आणि अलर्टमॅनेजर (मेसेज पाठवणारा) चढवलं. सगळ्या व्हीएमवर अ‍ॅन्सिबलने नोड एक्सपोर्टर (सीपीयू, मेमरी, डिस्कचे आकडे देणारा प्रोग्राम) टाकला. डॅशबोर्ड झकास दिसतो. भिंतीवरच्या टीव्हीवर लावलाय, साहेब खूश आहेत.

पण आतली गोष्ट वेगळी आहे.

प्रोमिथियस ज्या मशीन तपासतो त्या टार्गेट्सच्या पानावर दोन व्हीएम कायम लाल. एरर "कॉन्टेक्स्ट डेडलाइन एक्सीडेड". त्या मशीनवर एसएसएच व्यवस्थित होतं, नोड एक्सपोर्टर चालू आहे, तिथूनच कर्ल मारलं तर मेट्रिक्सचं पूर्ण पान येतं. आणि ज्या मशीनवर प्रोमिथियस आहे ते स्वतःही लाल, पण त्याचा एरर "कनेक्शन रिफ्यूज्ड".

दुसरं, प्रोमिथियसचा कंटेनर दिवसातून कधीतरी मरतो. कर्नलच्या लॉगमध्ये आउट ऑफ मेमरी दिसतं. डिस्कही भरून राहिली आहे. ११ मशीनच्या डेटाला ३० जीबी पुरू नये?

तिसरं ते ऑफिसचं मशीन. ब्रॉडबँडला स्टॅटिक आयपी नाही, बाहेरून पोचता येत नाही. एका मित्राने पुशगेटवे (जिथे मशीन स्वतः आपले आकडे ढकलतं) लाव म्हटलं. बरोबर आहे का?

चौथं सगळ्यात त्रासाचं. मे महिन्यात इथे लाइट कधी जाईल सांगता येत नाही. गेली की अलर्टचा पाऊस, आली की "रिझॉल्व्ह्ड"चा पाऊस. साहेबांनी ग्रुप म्यूट केलाय. आणि एका रात्री मॉनिटरिंगची व्हीएमच अडकून पडली तेव्हा एकही मेसेज नाही. सकाळी कळलं.

जाता जाता, सगळ्या व्हीएम हाताने कन्सोलवरून बनवलेल्या आहेत. त्या टेराफॉर्ममध्ये (सर्व्हर कोडने मांडायचं साधन) आणायच्या तर नवीन बनवाव्या लागतील का?

तर्रीपोहे

भाऊ, तुमचे दोन एरर दोन वेगळ्या गोष्टी सांगून राहिले. "रिफ्यूज्ड" म्हणजे पाकीट मशीनपर्यंत पोचलं, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नव्हतं. "डेडलाइन एक्सीडेड" म्हणजे उत्तरच आलं नाही, १० सेकंद वाट पाहून प्रोमिथियसने नाद सोडला. क्लाउडचा सिक्युरिटी ग्रुप पाकीट नाकारत नाही, गुपचूप टाकून देतो. म्हणून नव्वद टक्के वेळा टाइमआउट म्हणजे फायरवॉल.

आता बघा, त्या दोन मशीनचे पत्ते कॉन्फिगमध्ये पब्लिक आयपीने लिहिलेत का? एडब्ल्यूएसमध्ये (अमेझॉनच्या क्लाउडवर) एका सिक्युरिटी ग्रुपला दुसऱ्या ग्रुपकडून ९१०० (नोड एक्सपोर्टरचं पोर्ट) उघडं असं सांगितलं असेल, तर तो नियम फक्त प्रायव्हेट आयपीवरून आलेल्या ट्रॅफिकला लागतो. पब्लिक आयपी वापरला की तुमचीच पाकिटं परकी ठरतात. प्रायव्हेट आयपी टाका, वर पब्लिकवरून फिरणाऱ्या डेटाचे पैसेही वाचतील.

आणि स्वतःचं मशीन लाल, कारण तुम्ही तिथे लोकलहोस्ट लिहिलं असणार. कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनरच. होस्टचा प्रायव्हेट आयपी द्या.

एक न विचारलेलं सांगतो. कंपोजमध्ये ९०९० (प्रोमिथियस) आणि ३००० (ग्राफाना) पोर्ट पब्लिश केले असतील आणि यूएफडब्ल्यूच्या (उबंटूच्या फायरवॉलच्या) भरवशावर असाल, तर तपासा. डॉकर आपले आयपीटेबल्सचे नियम स्वतः लिहितो, यूएफडब्ल्यूला विचारत नाही. प्रोमिथियसला मुळात लॉगिन नसतं. पोर्ट १२७.०.०.१ ला बांधा आणि समोर एनजिनएक्स ठेवा. ग्राफानाचा अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन पासवर्ड बदललाय ना?

रातपाळी

मेमरीचं आणि डिस्कचं मी बघते. आधी हिशेब. नोड एक्सपोर्टर एका साध्या मशीनच्या हजारेक सिरीज (वेळेनुसार नोंदलेल्या आकड्यांच्या मालिका) देतो असं धरू. ११ मशीन, म्हणजे ११,००० सिरीज. १५ सेकंदांनी स्क्रेप केलं (आकडे ओढले) तर सेकंदाला साधारण ७३३ सॅम्पल. प्रोमिथियसला एका सॅम्पलला १ ते २ बाइट लागतात. २ धरले तरी दिवसाला १२७ एमबी, आणि डिफॉल्ट रिटेन्शन (डेटा ठेवायची मुदत) १५ दिवसांचं, म्हणजे २ जीबीच्या आत. रॅमही काही शे एमबीत भागायला हवी. त्यामुळे तुमचं ३० जीबी आणि ४ जीबी खाणारा नोड एक्सपोर्टर नाहीच.

डिस्कसाठी पहिला संशयित डॉकरचे लॉग. डॉकरचा जेसन-फाइल ड्रायव्हर कुणी मर्यादा घातल्याशिवाय लॉग फिरवत नाही, फाइल वाढतच जाते. /व्हार/लिब/डॉकर/कंटेनर्स मध्ये डीयू (जागा मोजणारी कमांड) चालवून बघा. मॅक्स-साइझ आणि मॅक्स-फाइल घाला, मग कंटेनर नव्याने बनवा. नुसत्या रिस्टार्टने ते लागू होत नाही.

रॅमसाठी प्रोमिथियसच्या स्टेटस मेनूत टीएसडीबी स्टेटस म्हणून पान आहे. कोणत्या मेट्रिकच्या सगळ्यात जास्त सिरीज आहेत, कोणत्या लेबलच्या (आकड्याला चिकटवलेल्या खुणेच्या) सगळ्यात जास्त वेगळ्या व्हॅल्यू आहेत, ते तिथे सरळ लिहिलेलं असतं. तुमच्या अ‍ॅपमधूनही मेट्रिक्स येतात का? त्या पानावरच्या पहिल्या चार ओळी इथे टाका.

धागाकर्ता

तर्रीपोहे भाऊ, दोन्ही निदानं बरोबर. प्रायव्हेट आयपी टाकले, तिन्ही हिरवे झाले. ९०९० खरंच बाहेरून उघडं होतं. मोबाइल डेटावरून उघडून बघितलं अन् घाम फुटला. बंद केलं.

रातपाळी दादा, लॉगच्या फाइल्स १९ जीबीच्या निघाल्या. त्या पानावर सगळ्यात वर आमच्याच अ‍ॅपचं मेट्रिक आहे, रिक्वेस्टला किती वेळ लागला त्याचं हिस्टोग्राम. आणि सगळ्यात जास्त व्हॅल्यू असलेलं लेबल आहे "बिल्टी_क्रमांक". डेव्हलपरने तक्रार आली की शोधायला सोपं जावं म्हणून ते घातलं होतं.

रातपाळी

दादा नाही, ताई. :)

सापडला चोर. लेबलांची प्रत्येक वेगळी जोडी म्हणजे प्रोमिथियससाठी एक स्वतंत्र सिरीज. हिस्टोग्राम असेल तर वेळेच्या प्रत्येक टप्प्याला वेगळी सिरीज, म्हणून एका बिल्टीमागे दहा-बारा सिरीज सहज. आणि अ‍ॅप रिस्टार्ट होईपर्यंत सकाळची बिल्टी रात्रीच्या स्क्रेपमध्येही येतच राहते. गेल्या दोन-तीन तासांत दिसलेली प्रत्येक सिरीज रॅममध्ये असते. वाडीतून दिवसाला किती गाड्या सुटतात ते तुम्हालाच माहीत, गुणाकार करून बघा.

आजच्यासाठी मेट्रिक रिलेबलमध्ये ते मेट्रिक ड्रॉप करा. फक्त लेबल काढून टाकायचा मोह होईल, पण मग वेगवेगळ्या सिरीज एकसारख्या दिसतात आणि डुप्लिकेटच्या तक्रारी सुरू होतात. खरी दुरुस्ती कोडमध्ये. लेबलात रूट, मेथड आणि स्टेटस कोड, बास. बिल्टीचा नंबर लॉगमध्ये जाऊ द्या, तिथे शोधा. लोकी (लॉग साठवणारं साधन) लावणार असाल तरी तिथेही तो लेबल करू नका, ओळीत राहू द्या. आणि त्या जॉबला सॅम्पल लिमिट घाला. मर्यादा ओलांडली की तो एक स्क्रेप फेल होईल, पण सगळा प्रोमिथियस तरी मरणार नाही.

जुनाखोड

११ व्हीएमसाठी एवढा पसारा कशाला, हे मला कळून नाही राहिलं. क्लाउडवाल्याचं स्वतःचं मॉनिटरिंग असतं की. ते वापरा आणि घरी जाऊन झोपा.

झिरोमाईल

खोडभाऊ, तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धं. क्लाउडवॉच (एडब्ल्यूएसचं मॉनिटरिंग) ईसीटूचं (तिथल्या व्हीएमचं) सीपीयू आणि नेटवर्क फुकट दाखवतं, तेही बेसिकमध्ये ५ मिनिटांनी एकदा. मेमरी किती वापरली आणि डिस्क किती भरली हे एजंट टाकल्याशिवाय दाखवतच नाही, कारण ते हायपरवायझरला बाहेरून दिसत नाही. आणि सर्व्हर मरतात ते बहुतेक याच दोन गोष्टींनी. एजंट टाकायचाच आहे तर नोड एक्सपोर्टर काय वाईट? शिवाय यांचं एक मशीन वाडीत आहे, ते त्या डॅशबोर्डवर कसं आणणार?

आता धागाकर्त्यांच्या तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाकडे. पुशगेटवे नको. तो रात्रीच्या बॅकअपसारख्या, येऊन संपणाऱ्या जॉबसाठी आहे. त्याच्यात ढकललेला आकडा तुम्ही पुसेपर्यंत तसाच राहतो. ऑफिसचं मशीन जळून गेलं तरी ग्राफानात शेवटचं सीपीयू १२ टक्के दिसत राहील. वायरगार्ड (व्हीपीएनचा बोगदा) लावा. ऑफिसचं मशीन मॉनिटरिंगच्या व्हीएमला स्वतःहून जोडतं, त्यामुळे तुमच्या बाजूला स्टॅटिक आयपी लागत नाही. पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ ठेवा, नाहीतर राउटर थोड्या वेळाने रस्ता विसरतो. मग बोगद्यातल्या आयपीवर नेहमीसारखं स्क्रेप. मधल्या काळाचा डेटा बुडायला नको असेल तर ऑफिसात प्रोमिथियस एजंट मोडमध्ये चालवून रिमोट राइट (आकडे तिथून इकडे पाठवणं) करता येतं. एका मशीनसाठी मी तरी ते करणार नाही.

लाइटचं. त्या मशीनच्या यूपीएसला यूएसबी असेल तर एनयूटी (यूपीएसची स्थिती वाचणारा प्रोग्राम) लावा. लाइट गेली हे यूपीएस सांगेल, बॅटरी संपत आली की मशीन नीट बंदही होईल, स्कॅनची डिस्क वाचेल. एनयूटीचा एक्सपोर्टर मिळतो. मग अलर्टमॅनेजरमध्ये इन्हिबिशन: "ऑफिस बॅटरीवर आहे" हा अलर्ट चालू असेल तर त्या मशीनचे बाकीचे दाबून टाका. एकच मेसेज येईल. यूपीएस संपून तोही अलर्ट विझला की मशीन डाउनचा एक येईल, तो यायलाच हवा. मशीन डाउनच्या नियमाला "फॉर" (इतका वेळ टिकलं तरच अलर्ट) १० मिनिटं ठेवा, वायरगार्डची उचकी त्यात जिरते. हार्डवेअरचं तापमानही नोड एक्सपोर्टर देतो. रात्री एसी बंद करून लोक घरी जातात आणि बाहेर ४५ डिग्री होऊन गेलेले असतात, तेव्हा तो आलेख बघण्यासारखा असतो.

बाकी अलर्ट किती ठेवायचे, तर रात्री तीनला उठून ज्यावर हात चालवता येईल तेवढेच फोनवर. सीपीयू ९० टक्के हा माझ्या मते अलर्टच नाही, ग्राहकाला हळू लागतंय का ते बघा. डिस्कला "८० टक्के भरली" असं नको, प्रेडिक्ट लिनिअर वापरा. गेल्या ६ तासांच्या उतारावरून पुढच्या २४ तासांत जागा संपते का, ते तो सांगतो. वर्षभर ८२ टक्क्यांवर शांत बसलेली डिस्क मग तुम्हाला छळत नाही.

आणि मॉनिटरिंगच मेलं तर? त्यासाठी उलटा अलर्ट लावतात. नियम असा की तो कायम पेटलेलाच असतो (अट कायम खरी: व्हेक्टर १). तो बाहेरच्या एखाद्या हार्टबीट सेवेला दर काही मिनिटांनी जातो, हेल्थचेक्स डॉट आयओ सारख्या. तिकडे जाणं थांबलं की ती सेवा तुम्हाला कळवते. इथे एक खड्डा आहे. अलर्टमॅनेजरचा रिपीट इंटरव्हल (तोच मेसेज पुन्हा पाठवायचं अंतर) डिफॉल्ट ४ तास आहे आणि ग्रुप इंटरव्हल ५ मिनिटं. या अलर्टला वेगळा रूट करून दोन्ही १ मिनिटावर आणा, नाहीतर ती सेवा उगाच बोंबलत बसेल.

धागाकर्ता

झिरोमाईल भाऊ, वायरगार्ड चढवलं, ऑफिसचं मशीन दिसायला लागलं. हार्टबीटही लावला. खात्री करायला अलर्टमॅनेजर मुद्दाम बंद केला, पाच मिनिटांत मेल आला. बिल्टीचं लेबल डेव्हलपरने काढलं, प्रोमिथियस आता साधारण ६०० एमबीवर बसलाय. यूपीएसला यूएसबी नाही, नवीन घ्यावा लागेल, साहेबांकडे फाइल पाठवली आहे.

ग्रुपवर नको म्हणून साहेब एसएमएस मागून राहिले. आणि टेराफॉर्मचं राहिलंच.

तर्रीपोहे

एसएमएसच्या नादी लागू नका. आपल्याकडे कंपनीच्या नावाने एसएमएस पाठवायचा तर डीएलटीवर (टेलिकॉमच्या एसएमएस नोंदणी यंत्रणेवर) नोंदणी, हेडर, टेम्प्लेट सगळं मंजूर करून घ्यावं लागतं, आणि अलर्टचा मजकूर दरवेळी वेगळा. अलर्टमॅनेजरला टेलिग्राम थेट जोडता येतं. गंभीर अलर्ट वेगळ्या चॅनेलवर, त्याला मोठी रिंगटोन, बाकीचे मेलवर. साहेबांना फक्त पहिल्यात घ्या.

टेराफॉर्मसाठी काही नवीन बनवायचं नाही. १.५ पासून इम्पोर्ट ब्लॉक आहे. त्यात व्हीएमचा आयडी लिहा, प्लॅनला जनरेट कॉन्फिग आउट द्या, कोड तोच लिहून देतो. तो कोड निवडून साफ करा आणि प्लॅनमध्ये फक्त इम्पोर्ट दिसेपर्यंत, म्हणजे अ‍ॅड, चेंज आणि डिस्ट्रॉय तिन्ही शून्य येईपर्यंत, अप्लायला हात लावू नका. कुठेही "फोर्सेस रिप्लेसमेंट" दिसलं तर थांबा, म्हणजे ती व्हीएम पाडून नवी बांधणार आहे. डेटाबेसच्या व्हीएमला आधीच प्रिव्हेंट डिस्ट्रॉय लावून ठेवा. स्टेट फाइल (टेराफॉर्मची नोंदवही) गिटमध्ये नको, तिच्यात पासवर्ड उघडे असतात. बकेटमध्ये व्हर्जनिंग चालू करून ठेवा. ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्मचा परवाना बदलला, तेव्हापासून ओपनटोफू ही त्याचीच शाखा वेगळी झालीय. तुमच्या कामाला दोन्हीपैकी कुठलंही चालेल.

सुरुवात एका बिनकामाच्या व्हीएमपासून करा. आणि टॅग नीट लावा, मग प्रोमिथियसला ईसीटू डिस्कव्हरी देता येते. बारावी व्हीएम उभी राहिली की ती आपोआप टार्गेटमध्ये येईल.

धागाकर्ता

टेस्टिंगची एक व्हीएम आहे, तिच्यापासून करतो. प्लॅनमध्ये काही अडलं तर याच धाग्यात आउटपुट टाकतो.