वापरून फेकायच्या पॅडचा टॉयलेट ब्रश घ्यावा का?

दोन_कमोड_एक_देशी

घरी दोन कमोड आणि एक देशी संडास आहे. ब्रश कोपऱ्यात ओला उभा असतो आणि त्याच्या डबीत पिवळं पाणी साचतं. ते टाळायला ऑनलाइन मिळणारा दांडा आणि १६ पॅडचा सेट बघतोय. बटण दाबलं की पॅड सुटतो, हात लावावा लागत नाही. घेण्याआधी जाणकारांना चार गोष्टी विचारायच्या आहेत.

पॅड फ्लश केला तर चालतो का? एका विक्रेत्याने ‘विरघळणारा’ असं लिहिलंय. पाण्याच्या रेषेवर धरलेलं पिवळं-तपकिरी कडं त्याने जाईल का? (पाणी अर्धं बोअरचं, अर्धं टँकरचं.) पॅडसोबत हार्पिक टाकलं तर? आणि घरात वयस्कर माणूस आहे, जुलाब-उलट्या झाल्या तर नेहमीच्या ब्रशपेक्षा हे बरं पडेल का?

---

नळजोडणी

पहिल्या प्रश्नापुरतं सांगतो. फ्लश करू नका, पाकिटावर काहीही छापलेलं असो.

हे पॅड बहुतेक स्पंज आणि न विणलेल्या कृत्रिम कापडाचे असतात. अमेरिकेत फ्लश करता येणारे म्हणूनही काही विकले गेलेत, पण आपल्याकडच्या बिननावाच्या पाकिटांवर तसं लिहिलेलं असलं तरी त्यावर विसंबू नका. खात्री करायची तर एक पॅड अर्ध्या बादली पाण्यात टाका, अर्ध्या तासाने काठीने ढवळा. टॉयलेट पेपर असता तर एव्हाना त्याचा लगदा झाला असता. पॅड आहे तसाच तरंगताना दिसला तर उत्तर मिळालं.

आपल्याकडच्या दोन बटणांच्या टाकीतून एका वेळी ३ किंवा ६ लिटर पाणी सुटतं. लहान बटणावर पॅड ट्रॅपचं (भांड्याखालच्या वळणदार पाइपाचं) वरचं वळणच ओलांडत नाही. ओलांडला तरी पुढे ११० मिमी पाइपाच्या जोडावर अडकतो, मग त्याला केस अडकतात, कागद अडकतो. चाळीत किंवा फ्लॅटमध्ये गंमत अशी की पॅड टाकणाऱ्याच्या घरी काहीच होत नाही, तुंबतं खालच्या मजल्यावर. सेप्टिक टँक असेल तर तो कुजतही नाही, वरच्या सायीत तरंगत राहतो आणि कधीतरी बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी बसतो.

घासताना पॅड निसटून भांड्यात पडला तर फ्लशला हात लावू नका. टाकीला पाणी देणारा अँगल कॉक बंद करा आणि चिमट्याने पॅड काढा. आत सरकला असेल तर पंप मारू नका, त्याने तो आणखी आत जातो. प्लंबरकडून वायर घालून ओढून घ्या. आणि बोलावण्याआधी ‘बघू विरघळतोय का’ म्हणून ॲसिड ओतू नका. स्पंज विरघळत नाही, पण त्या पाण्यात हात घालायचा असतो आमच्यासारख्याला.

---

क्षारपडताळा

कड्याबद्दल. त्याने जाणार नाही, आणि त्यात पॅडचा दोष नाही.

ते कडं मळाचं नसून क्षाराचं आहे. बोअरच्या पाण्यातला कॅल्शियम कार्बोनेट पाण्याच्या रेषेवर वाळून बसतो, त्यात लघवीतले क्षार मिसळतात आणि त्या खडबडीत थरात रंग मुरतो. पॅडमध्ये मुख्यतः साबण आणि सुवास असतो. साबणाने तेलकट, चिकट घाण सुटते, चुनखडी सुटत नाही. त्याला आम्लच लागतं, आणि आम्लाला वेळ. घासण्याचा जोर तिथे फुकट जातो.

लोक चुकतात ते इथे: भांड्यात पाणी तसंच ठेवून वरून क्लीनर ओततात. साधारण १० टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिडचा हार्पिकसारखा क्लीनर साचलेल्या पाण्यात पडला की कड्यापर्यंत पोचेस्तोवर नुसतं निळं पाणी उरतं. म्हणून अँगल कॉक बंद करा, एकदा फ्लश करा, मग ब्रश ट्रॅपच्या तोंडात आठ-दहा वेळा झटक्याने दाबा म्हणजे पाण्याची पातळी खाली उतरेल. आता उघड्या पडलेल्या कड्यावर क्लीनर फिरवा, २० ते ३० मिनिटं राहू द्या. बारीक बुडबुडे आले तर थर चुनखडीचाच आहे. जाड थराला दोन-तीन दिवस रोज एकदा करा, एकदम बाटलीभर ओतून काम लवकर होत नाही.

वास सहन होत नसेल तर लिंबूसत्त्व घ्या. एक लिटर कोमट पाण्यात १०० ग्रॅम विरघळवा. जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या त्यात भिजवून कड्यावर चिकटवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी पट्ट्या चिमट्याने उचलून कचऱ्यात टाका, फ्लश नको. उभ्या भिंतीवर द्रव टिकत नाही, कागद त्याला धरून ठेवतो, एवढीच युक्ती.

डाग विटकरी लाल असेल तर ते लोह आहे. त्यावर ब्लीच कधीच मारू नका, डाग आणखी पक्का होतो. तिथेही लिंबूसत्त्वच.

घासायला प्युमिस दगड वापरणारे आहेत. तो आणि भांडं दोन्ही ओलं असेल तर आणि हलक्या हाताने, एवढंच म्हणेन. ग्लेझवर (भांड्याच्या चकचकीत लेपावर) एकदा ओरखडे उठले की पुढचा थर आणखी लवकर धरतो. आणि हो, ॲसिड खाली सांडू देऊ नका. शहाबादी, कडप्पा, मार्बल, सगळ्यावर पांढरे चट्टे येतात आणि ते पुसून जात नाहीत.

---

दोन_कमोड_एक_देशी

म्हणजे आधी ॲसिडने थर काढायचा आणि मग रोजच्याला पॅड? आणि दोन्ही एकत्र?

---

क्षारपडताळा

एकत्र नको. पॅडमध्ये काय भरलंय हे बऱ्याच पाकिटांवर छापलेलंच नसतं. त्यात क्लोरीन सोडणारं काही असेल आणि भांड्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असेल तर क्लोरीन वायू सुटतो. एक्झॉस्ट बंद असलेल्या चार बाय पाचच्या बाथरूममध्ये तो थट्टेचा विषय नाही. हार्पिक आणि ब्लीचिंग पावडर एकत्र टाकण्यातही हाच धोका. एक वापरलं की दोनदा फ्लश करून मगच दुसरं. डोळे-घसा चुरचुरायला लागला तर आत वाकून फ्लश करायला थांबू नका, दार उघडं टाकून बाहेर या.

---

हाउसकीपिंग_रजिस्टर

मूळ सेटबद्दल कुणी बोललंच नाही, म्हणून क्रम देतो. तो चुकला की नव्या दांड्याची तीन आठवड्यांत जुन्या ब्रशसारखीच गत होते.

कोरड्या पॅडची पाठ दांड्याच्या जबड्यात ‘कट्’ आवाज येईपर्यंत दाबा, मग हलकेच ओढून बघा. पिशवी लावलेली कचऱ्याची डबी कमोडला टेकवून ठेवा. ठिबकणारा पॅड हातात धरून दारापर्यंत चालत जायचं असेल तर सगळं मुसळ केरात. पॅड पाण्यात पाच-सहा सेकंद बुडवा, फेस आला की रिमच्या आतल्या कडेपासून सुरुवात. तिथली भोकं दिसत नाहीत आणि काळं तिथेच धरतं. मग भिंती, मग पाण्याची रेषा, ट्रॅपचं तोंड सगळ्यात शेवटी. उलटं केलंत तर तळाची घाण रिमला लावाल. पाच मिनिटं फेस राहू द्या.

फ्लश करताना वाहत्या पाण्यातच पॅड आणि दांड्याचं टोक खळबळून घ्या. भिंतीला पॅड दाबून पाणी पिळा, दोन-तीनदा आत झटका आणि डबीवर धरून बटण दाबा.

पॅड गेला, पण जबडा ओलाच आहे ना? तो तसाच स्टँडमध्ये ठेवला तर ब्रशचं डबकं परत आलंच. सीट आणि भांड्याच्या मध्ये दांडा आडवा अडकवून दहा मिनिटं निथळू द्या. स्टँडला तळाशी भोकं नसतील तर आणू नका, किंवा गरम सुईने पाडून घ्या.

पॅडचं पाकीट बाथरूममध्ये ठेवू नका. पावसाळ्यात पॅड आतल्या आत ओलसर होतो, साबण पाकिटातच पाझरतो आणि वापरायच्या वेळी हातात नुसता स्पंज उरतो. घट्ट झाकणाच्या डब्यात, पोरांचा हात पोचणार नाही असा. निळे-गुलाबी पॅड खाऊसारखे दिसतात.

खर्चाचं गणित सरळ आहे. पॅड १५ रुपयांना पडतो धरा, आठवड्याला कमोडमागे दोन. दोन कमोडचे वर्षाला २०८ पॅड, म्हणजे ३,१२० रुपये. तेवढ्यात पंधरा-वीस ब्रश येतात. नुसता ब्रशच्या डबीचा त्रास असेल तर ब्रश निथळून ठेवा आणि तीन-चार महिन्यांनी बदला, भागतं.

---

काथ्याकूट

देशी भांडं कुणी विचारातच घेतलं नाही. या दांड्यांची लांबी साधारण ४०-४५ सेंमी, ती कमोडसाठी आहे. देशी भांड्याला त्याने घासायचं म्हणजे कंबरेतून वाकून तोंड भांड्याशी. पाय ठेवायच्या जागेच्या खाचांत तर पॅड जातच नाही.

त्यापेक्षा सोडणाचा काथ्या घ्या. मूठभर काथ्या उपसून त्याची घट्ट गुंडाळी करा, मधोमध सुतळीने बांधा आणि लांब दांड्याच्या चिमट्यात धरा. खाचांतला चिकट थर ब्रशपेक्षा चांगला सुटतो, ग्लेझला ओरखडा येत नाही. काम झालं की कचऱ्यात. वापरून फेकायचं साधन म्हणाल तर कोकणात ते नारळाबरोबर फुकट येतं. फक्त काथ्याही फ्लश करू नका, ट्रॅपमध्ये अडकला की घरटं होतं.

---

वॉर्ड_दोन

आजारपणाचं. पॅडचे पैसे खरोखर वसूल होतात ते इथेच. जुलाब-उलट्यांच्या दिवसांत ब्रश ठेवला तर तोच दुसऱ्या माणसासाठी पुन्हा भांड्यात फिरतो.

पण पॅडमधला साबण म्हणजे जंतुनाशक नव्हे. आधी पॅडने घासून दोनदा फ्लश करा, मग हायपोक्लोराइट (द्रव ब्लीच). ५ टक्क्यांची बाटली असेल तर २० मिली घेऊन पाण्याने एक लिटर करा, त्याचे १,००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) होतात. उलटी किंवा जुलाब सांडलेल्या जागेला १०० मिलीचे एक लिटर, म्हणजे ५,००० पीपीएम. दहा मिनिटं पृष्ठभाग ओला राहिला पाहिजे, लगेच पुसलंत तर उपयोग नाही. द्रावण रोज ताजं करा, उन्हाने आणि उष्णतेने जोर जातो. जुलाब-उलट्या घडवणाऱ्या नोरोव्हायरसवर हँड सॅनिटायझरचा भरवसा धरू नका, हात साबण-पाण्यानेच.

भांड्यापेक्षा हात जिथे लागतो ते जास्त महत्त्वाचं. क्रम असा: फ्लशचं बटण, जेटचा खटका, दाराची कडी, सीटची वरची बाजू, खालची बाजू, बिजागऱ्या, रिम. प्रत्येकाला कागदी टॉवेलची नवी घडी, आणि भांडं सगळ्यात शेवटी. हातमोजे काढताना पहिला मनगटाजवळ बाहेरून धरून उलटा करा, दुसऱ्याच्या आत बोट घालून तोही उलटा, म्हणजे पहिला त्याच्या पोटात जातो.

झाकण लावून फ्लश केलं की झालं, असं बरेच जण समजतात. ॲरिझोना विद्यापीठाच्या २०२४ मध्ये आलेल्या अभ्यासात झाकण लावल्या-न लावल्याने आसपासच्या पृष्ठभागांवरच्या विषाणूंत फारसा फरक आढळला नाही. फरक पडला तो भांडं जंतुनाशक घालून घासल्याने. झाकण जरूर लावा, पण त्यावर काम संपवू नका.

वापरलेले पॅड, मोजे, कागद सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल खूण करा, पुण्यात सॅनिटरी पॅडला करतात तशी. घंटागाडीवरचा माणूस पुडकं हाताने उघडतो, हे लक्षात असू द्या.

---

दोन_कमोड_एक_देशी

देशीला काथ्या, एका कमोडला साधा ब्रश निथळून. सेट फक्त सासूबाईंच्या कमोडला घेतो, आजारपणापुरता. दांडा निवडताना काय बघू?

---

हाउसकीपिंग_रजिस्टर

जबड्याची स्प्रिंग. ती स्टीलची आणि उघडी असेल तर ॲसिडच्या वाफेने महिन्याभरात गंजते आणि पॅड सुटेनासा होतो, मग तो हातानेच ओढावा लागतो. म्हणजे दांडा घेतला कशाला? स्प्रिंग वर मुठीत, पाण्यापासून लांब असलेला दांडा बघा. आणि त्याच मापाचे पॅड सुटे मिळतात का ते आधी तपासा. एकाचा पॅड दुसऱ्याच्या जबड्यात बसत नाही. सैल बसला की वर नळजोडणींनी सांगितलं तसं भांड्यात पडतो.

---

नळजोडणी

आणि अँगल कॉक फिरतोय का तेही आजच बघून ठेवा. बोअरच्या पाण्याने तो जाम झालेला असतो, आणि हे कळतं ते नेमकं पॅड आत पडल्यावर.