मदत हवी आहे: बाबांना फोर्टात मासे खायला न्यायचंय

मंडळी, ३ ऑगस्टला आईबाबांच्या लग्नाला ४० वर्षं होतायत. श्रावण लागायच्या आत दोघांना मुंबईत एखाद्या चांगल्या, जरा महागड्या ठिकाणी मासे खायला न्यायचं आहे.

अडचण अशी की बाबा मालवणचे. मासा तोंडात घातला की तो बर्फात किती दिवस होता तेही सांगतात आणि तेही वेटरसमोर! त्यात यांत्रिक बोटींची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद, म्हणजे आम्ही जाऊ तेव्हा बोटी नुकत्याच सुटलेल्या असणार. तोवर ताजं पापलेट, सुरमई हॉटेलांत येते का, की आठवडाभर थांबलेलं बरं?

काळा घोड्याच्या 'तृष्णा'चा बटर-गार्लिक खेकडा सगळे सुचवतात. पण मालवणी आमटीतल्या तिरफळाच्या वासावर वाढलेल्या माणसाला लोणी-लसूण रुचेल? की फोर्टातल्या 'महेश लंच होम'मध्ये मंगळुरी गस्सी (नारळाच्या वाटणाचं कालवण) बरी? पार्ल्याचं 'गजाली' मालवणी, चवीला जवळचं, पण बाबा म्हणतील, "हे तर घरचंच."

दुसरं, पैशांचं. मागे एका हॉटेलात (नाव नको) मेनूत खेकड्यापुढे आकड्याऐवजी 'एपीएस', म्हणजे आकारानुसार दर, असं होतं. लाजेपोटी विचारलं नाही. बिल आल्यावर बायकोने माझ्याकडे जे पाहिलं ते अजून आठवतंय. जिवंत खेकडा टेबलावर दाखवायला आणतात तेव्हाच वजन आणि किंमत विचारली तर चालतं ना? तुम्ही कसं विचारता?

आणि आईला कोलंबी, खेकडा, तिसऱ्या (शिंपल्या) काहीच सोसत नाही, अंगावर पित्त उठतं. तिचा मासा वेगळ्या तव्यावर, वेगळ्या तेलात करा, असं आधी फोनवर सांगून ठेवू का?