अपॉइंटमेंट लेटरमध्ये लवादाचं कलम टाकायचंय, कोर्टात टिकेल असं कसं लिहावं?

कुपवाडचा_एचआर
नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत मशीनशॉप आहे, तिथलं एचआर मी बघतो. मालकांचं म्हणणं, पगार कापला, कामावरून काढलं की लोक लगेच कोर्टात जातात, त्यापेक्षा इंजिनिअर, ऑफिस स्टाफ, ऑपरेटर सगळ्यांच्याच लेटरमध्ये लवादाचं कलम टाकू, म्हणजे वाद कोर्टाऐवजी नेमलेल्या तिसऱ्या माणसानं (लवादानं) मिटवायचा. मसुद्यात असं आहे की लवाद कोण ते कंपनीच नेमणार, सुनावणी मुंबईत, फी निम्मी निम्मी. मला हे पटत नाही, पण मालकांपुढं कायद्याचा आधार लागतो, कुठं अडेल ते सांगा की.

कोर्टाजवळचा
पहिल्याच ओळीला अडतंय. 1996 च्या लवाद कायद्यात 2015 ला दुरुस्ती झाली, त्यानुसार कंपनीचा नोकर किंवा सल्लागार लवाद होऊच शकत नाही, आणि 2019 च्या पर्किन्स ईस्टमन केसमध्ये सुप्रीम कोर्टानं पुढं जाऊन सांगितलं की ज्याचा निकालात स्वार्थ आहे त्यानं एकट्यानं लवाद नेमायचाही नाही. म्हणजे मालकांचे सीए बाद, आणि मालकांनी परस्पर निवडलेले रिटायर्ड जजसुद्धा बाद. दोघांच्या संमतीनं नाव ठरवा, 30 दिवसांत जमलं नाही तर कलम 11 खाली हायकोर्टात जाता येतं. निवाडा (लवादाचा निकाल) लेखी, कारणांसकट आणि सहीची प्रत दोघांना. नीट झालेल्या निवाड्याची कलम 36 खाली कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी दरखास्त लावून अंमलबजावणी करून घेता येते, पण नेमणूकच चुकली असेल तर समोरचा कलम 34 खाली तो रद्द करून घेतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

मिरज_युनियन
ऑपरेटरांना यातून बाहेर ठेवा ओ! किंगफिशरच्या वैमानिकांचा थकलेला पगार, 2012, मुंबई हायकोर्ट, बघा. करारात लवादाचं कलम होतं तरी कामगार न्यायालयातला दावा लवादाकडं पाठवायला कोर्टानं नकार दिला. आणि हुद्दा सुपरवायझर लिहून कोण कामगार कायद्याबाहेर जात नाही, तो प्रत्यक्षात काय काम करतो ते बघतात. कामगारांसाठी ऐच्छिक लवाद आहे की, 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम 10क होतं, 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही ठेवलाय, पण तो वाद झाल्यावर किंवा होणार असं दिसल्यावर दोन्ही बाजूंनी लेखी ठरवायचा असतो, नोकरी लागताना आधीच सही घेऊन नाही.

कृष्णाकाठ
फीबद्दल कुणीच बोललं नाही. ज्याचा पगारच थकलाय तो निम्मी फी कुठनं भरणार, आणि एका सुनावणीसाठी मुंबईला जायचं म्हणजे गाडीभाडं आणि दोन दिवसांचा खाडा. फी कंपनीनं भरावी, पण लवाद कंपनीचा माणूस वाटू नये म्हणून रक्कम सुरुवातीलाच जमा करून टाकावी. सुनावणी सांगलीत, भाषा मराठी, हे करारात लिहिता येतं, कायदा अडवत नाही. लैंगिक छळाच्या तक्रारी 2013 च्या कायद्याखाली अंतर्गत समितीकडंच जातील असंही स्पष्ट लिहा. आणि जॉइनिंगच्या दिवशी इंग्रजी लेटरच्या पंधरा पानांवर "इथं सही, इथं सही" करून घेतात ना, ते बंद करा, कलम मराठीत वेगळ्या पानावर द्या आणि प्रत घरी न्यायला द्या.

कुपवाडचा_एचआर
मग फक्त इंजिनिअर आणि मॅनेजरांचं वेगळं लेटर काढतो. त्यांना लवाद नकोच असेल तर?

कोर्टाजवळचा
तर नाही म्हणायची मुभा द्या, आणि त्यावरून नोकरी नाकारू नका. उद्या कुणी "दबावाखाली सही घेतली" म्हणालं तर तेच पान कंपनीच्या कामाला येईल.